डिस्ट्रिब्युटर बदलल्यावर इग्निशन टायमिंग कसं लावायचं

नवा डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला वेळेवर ठिणगी वाटून देणारा भाग) बसवला की बहुतेक नवशिके एकच गोष्ट करतात. गाडी कशीबशी सुरू करतात, डिस्ट्रिब्युटर हाताने डावी-उजवीकडे फिरवतात, इंजिनाचा आवाज कानाला बरा वाटला की तिथेच बोल्ट आवळतात. गाडी चालते, यात वाद नाही. पण चढावर खडखडते, नाहीतर अंगात जीव नसल्यासारखी ओढते, तापते, पेट्रोल जास्त पिते. मग बिचाऱ्या कार्ब्युरेटरला खोललं जातं.

डिस्ट्रिब्युटर फिरवणं हे या कामातलं शेवटचं पाऊल आहे आणि सगळ्यात सोपंही. खरं काम त्याच्या आधीचं: एक नंबरचा सिलिंडर कुठे आहे, पुलीवरची खूण खरी आहे का, पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघड-मिट करणाऱ्या स्विचची) गॅप बरोबर आहे का, मॅन्युअलमधला आकडा नक्की कशाचा आहे. हे कच्चं राहिलं तर महागडा टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकून पुलीवरची खूण थांबल्यासारखी दाखवणारा दिवा) हातात असूनही चुकीच्या खुणेवर अगदी अचूक टायमिंग लावलं जाईल.

इथे सांगितलेलं सगळं कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे. उदाहरणं मुख्यतः चार सिलिंडरच्या इंजिनाची घेतली आहेत. सहा किंवा आठ सिलिंडरला तत्त्व तेच, फक्त फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, लांब होते.

आधी थोडं डोक्यात बसवून घ्या

ठिणगी पडली की मिश्रण एकदम पेटत नाही. ज्योत प्लगपासून सिलिंडरभर पसरायला वेळ लागतो. सगळ्यात जास्त दाब पिस्टन वरच्या टोकावरून जरा खाली उतरल्यावर यायला हवा, म्हणून ठिणगी त्याच्या आधी पाडावी लागते. पिस्टनचं हे वरचं टोक म्हणजे टीडीसी. टीडीसीच्या किती अंश आधी ठिणगी पडते तो आकडा म्हणजे टायमिंग.

आता वेगाचा हिशोब बघा. ८०० आरपीएमला क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा, एका मिलिसेकंदात ४.८ अंश फिरतो, ३००० आरपीएमला १८ अंश. ज्योतीला लागणारा वेळ त्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून वेग वाढला की ठिणगी आणखी आधी पडायला हवी. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत हे काम ड्रायव्हर स्वतः करायचा, स्टिअरिंगच्या डाव्या बाजूच्या दांडीने. नंतरच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये ते दोन यंत्रणा करतात. आतली वजनं आणि स्प्रिंगा वेगाप्रमाणे ठिणगी आधी पाडतात, म्हणजे अ‍ॅडव्हान्स वाढवतात, आणि बाहेरचा व्हॅक्यूमचा डबा इंजिनावर भार कमी असताना त्यात भर घालतो. आपण जे लावतो ते या दोघांच्या खालचं मूळ टायमिंग. पाया सरकला की वरचं सगळं तितकंच सरकतं.

आणखी एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा डिस्ट्रिब्युटरचा एक फेरा होतो. म्हणून डिस्ट्रिब्युटरची बॉडी १ अंश फिरवली की टायमिंग २ अंशांनी बदलतं. बॉडीचा व्यास ७० मि.मी. धरला तर टायमिंग १० अंशांनी बदलायला कडेवर फक्त ३ मि.मी. सरकवावं लागतं. नवशिक्याचा हात इथे हमखास जास्त जातो.

मॅन्युअलमधला आकडा वाचताना

तुमच्या गाडीचं, तुमच्या इंजिनाचं, शक्यतो तुमच्या सालाचं मॅन्युअल मिळवा. एकाच इंजिनाला कंप्रेशन रेशो बदलला की टायमिंग बदलतं, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या ‘सेम टु सेम’ गाडीचा आकडा उचलू नका. आकडा सापडला की तो बंद इंजिनावरचा आहे की चालू, हे बघा. चालू इंजिनावरचा असेल तर किती आरपीएमला, आणि व्हॅक्यूमची नळी जोडून की काढून? एकाच इंजिनाचं बंद टायमिंग ६ अंश आणि १००० आरपीएमला १० अंश असं दिलेलं असू शकतं. दोन्ही बरोबर. एकाचा आकडा दुसऱ्याच्या पद्धतीने लावला की चूक.

नवा डिस्ट्रिब्युटर मूळ गाडीचाच असेल तर इथे विषय संपला. पण ‘सगळ्या मॉडेलना चालतो’ अशा जातीचा असेल तर त्याच्या आतल्या वजनांचा अ‍ॅडव्हान्स मूळच्यापेक्षा वेगळा असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी एकूण आकड्यावरून मागे यायचं. समजा इंजिनाला जास्त वेगावर व्हॅक्यूम सोडून एकूण ३२ अंश हवेत आणि नव्या डिस्ट्रिब्युटरची वजनं क्रँकच्या मापाने २४ अंश देतात, तर मूळ टायमिंग ८ अंश. डिस्ट्रिब्युटरच्या कागदावर हे आकडे बहुधा डिस्ट्रिब्युटरच्या अंशांत आणि डिस्ट्रिब्युटरच्याच आरपीएममध्ये असतात. क्रँकवर आणायला दोन्हींची दुप्पट करायची. ‘१५०० आरपीएमला १२ अंश’ म्हणजे क्रँकवर ३००० ला २४.

जुना काढायच्या आधी

बॅटरीची अर्थची वायर काढा. फोटो सगळ्या बाजूंनी काढा. पण फोटोवर भिस्त ठेवू नका. प्लगच्या प्रत्येक वायरवर चिकटपट्टी लावून नंबर लिहा आणि वायरी बसतात त्या झाकणावर, म्हणजे कॅपवर, एक नंबरच्या घराशेजारी खूण करा. त्यानंतर कॅप बाजूला करून रोटर (ठिणगी एकेका वायरकडे नेणारा आतला फिरता तुकडा) कुठे बघतोय त्या दिशेची रेघ बॉडीच्या कडेवर मारा, आणि बॉडी व इंजिन ब्लॉक या दोघांवर मिळून एक रेघ. व्हॅक्यूमचा डबा कुठल्या बाजूला आहे तेही बघून ठेवा.

याहून चांगला मार्ग म्हणजे जुना डिस्ट्रिब्युटर जागेवर असतानाच एक नंबरचा सिलिंडर कंप्रेशनच्या टीडीसीवर आणायचा आणि मगच तो उपसायचा. मग त्यानंतर नवा बसेपर्यंत क्रँकला हात लावायचा नाही, गाडी गिअरमध्ये ढकलायची नाही, सेल्फ मारायचा नाही. एवढं पाळलं तर अर्धं काम तिथेच संपतं.

जुना आधीच निघाला असेल, किंवा मधल्या काळात इंजिन फिरलं असेल, तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. तेही अवघड नाही.

एक नंबरचं कंप्रेशन शोधणं

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर. सगळे प्लग काढा, म्हणजे इंजिन पान्याने हलकं फिरतं. क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्याच दिशेने फिरवा. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर बोट ठेवा. चार स्ट्रोकमध्ये पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कंप्रेशनला आणि एकदा जळलेला धूर बाहेर ढकलायला. हवा बोटाला जोराने बाहेर ढकलू लागली की ते कंप्रेशन. तिथून पुढे पुलीवरची खूण टीडीसीच्या खुणेसमोर येईपर्यंत हळूहळू फिरवा.

बोटाचा अंदाज येत नसेल तर टॅपेट कव्हर काढून बघा. १-३-४-२ फायरिंग ऑर्डरच्या इंजिनात एक आणि चार नंबरचे पिस्टन एकत्र वर येतात. चार नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होत असतो आणि इनलेट उघडायला लागतो, दोन्ही रॉकर एकाच वेळी हलतात, त्या क्षणी एक नंबर कंप्रेशनच्या टीडीसीवर असतो. या खुणेत गोंधळाला जागा नाही, म्हणून मला ती बोटापेक्षा जास्त पटते.

एक नंबरचा सिलिंडर कुठला हेही मॅन्युअलमध्ये बघून घ्या. सरळ इंजिनात तो बहुतेकदा रेडिएटरच्या बाजूचा, पण सगळीकडे नाही. फोक्सवॅगन बीटलचं इंजिन मागे असतं, सिलिंडर आडवे, फायरिंग ऑर्डर १-४-३-२. तिथे अंदाज कामाचा नाही.

पुलीवरची खूण खरी आहे का?

हे पाऊल बहुतेक जण गाळतात, म्हणून यावर जरा जास्त बोलतो.

अनेक इंजिनांत क्रँकची पुली म्हणजे रबरावर बसवलेला डॅम्पर असतो. आतला भाग क्रँकला पक्का, बाहेरची कडी रबराने चिकटलेली, आणि खूण बहुतेकदा त्या बाहेरच्या कडीवर. चाळीस-पन्नास वर्षांत रबर सुटतं आणि कडी सरकते. खूण दिसायला तशीच स्वच्छ, पण १० अंश इकडेतिकडे. शिवाय कुणी तरी कधी तरी दुसऱ्या मॉडेलची पुली किंवा टायमिंग कव्हर बसवलेलं असू शकतं.

तपासायची पद्धत साधी आहे. एक नंबरच्या प्लगच्या भोकात पिस्टनला वर जाताना अडवेल असा अडसर आटे लावून बसवा. जुन्या प्लगची चिनीमाती काढून त्यात गोल टोकाचा बोल्ट बसवला तरी चालतो. आता इंजिन पान्याने, अगदी हळू, पिस्टन अडसराला टेकेपर्यंत फिरवा. स्थिर खुणेसमोर पुलीवर खडूने रेघ मारा. मग उलट्या दिशेने फिरवून पुन्हा टेकवा, दुसरी रेघ मारा. या दोन रेघांच्या बरोबर मध्ये खरा टीडीसी असतो. पुलीवरची मूळ खूण तिथेच असेल तर उत्तम. नसेल तर नवी खूण रंगवा आणि जुनी खरवडून टाका, दोन खुणा ठेवू नका. अडसर आत असताना सेल्फ कधीही मारायचा नाही, पिस्टनला भोक पडेल. काम झालं की अडसर लगेच काढून ठेवा.

काही गाड्यांवर फक्त टीडीसीची खूण असते, अंशांची पट्टी नसते. मग ती मोजून काढायची. पुलीच्या व्यासाला ३.१४ ने गुणा आणि ३६० ने भागा. १५० मि.मी. व्यासाच्या पुलीवर १ अंश म्हणजे १.३ मि.मी., १० अंश म्हणजे साधारण १३ मि.मी. कागदाची पट्टी पुलीच्या कडेला गुंडाळून खूण करा. खूण कुठल्या बाजूला करायची? इंजिन फिरताना तुमची खूण टीडीसीच्या खुणेच्या आधी स्थिर काट्यासमोर आली पाहिजे. पान्याने फिरवून बघा, लगेच कळेल. सगळ्या खुणा तारेच्या ब्रशने साफ करून पांढऱ्या रंगाने भरा. व्हाइटनरही चालतो.

नवा बसवताना

क्रँक एक नंबरच्या कंप्रेशनवर आहे. आता तो टीडीसीवर न ठेवता मॅन्युअलच्या बंद टायमिंगच्या अंशावर आणा, म्हणजे पुढचं काम सोपं होतं. पुढे गेलात तर तेवढंच मागे येऊ नका. बरंच मागे जाऊन पुन्हा पुढच्या दिशेने खुणेवर या. टायमिंग चेन आणि गिअरमधला ढिलेपणा नेहमी एकाच बाजूला राहिला पाहिजे.

डिस्ट्रिब्युटर दोन प्रकारे बसतात. पहिल्या प्रकारात खालच्या टोकाला खाच किंवा जीभ असते आणि ती मध्यापासून सरकलेली असते, त्यामुळे डिस्ट्रिब्युटर एकाच प्रकारे आत जातो. दुसऱ्या प्रकारात डिस्ट्रिब्युटरला स्वतःचं गिअर असतं, तिरक्या दातांचं. हा खाली सरकताना रोटर थोडा फिरतो. म्हणून रोटर एक नंबरच्या घराकडे बघत बसवला तर खाली टेकेपर्यंत तो भलतीकडेच बघतो. जुना उपसताना रोटर किती फिरला ते बघून ठेवलं असेल तर नवा त्याच दिशेने तेवढाच वळवून खाली सोडायचा. नसेल बघितलं तर एक-दोन वेळा वर-खाली करून जागा सापडते.

या दुसऱ्या प्रकारात शाफ्टचं खालचं टोक अनेकदा ऑइल पंपही फिरवतं. डिस्ट्रिब्युटर पूर्ण बसत नसेल, सहा-सात मि.मी. वर राहत असेल, तर पंपाची दांडी जुळलेली नाही. क्लॅम्पचा बोल्ट आवळून त्याला खाली खेचू नका, काहीतरी तुटेल. लांब स्क्रू-ड्रायव्हरने पंपाची दांडी थोडी फिरवा आणि पुन्हा प्रयत्न करा. खालची ऑइलची रिंग नवी टाका आणि गिअरला इंजिन ऑइल लावा. कोरडं गिअर पहिल्याच मिनिटांत खराब होऊ शकतं.

गिअर एक दात चुकला तर? १३ दातांच्या गिअरवर एक दात म्हणजे डिस्ट्रिब्युटरचे जवळजवळ २८ अंश. ऐकायला भयंकर वाटतं, पण बॉडी तेवढी फिरवायला जागा असेल तर इंजिनाला काही फरक पडत नाही. फरक पडतो तो जागेचा: व्हॅक्यूमचा डबा ब्लॉकला किंवा होजला अडतो आणि टायमिंग यायच्या आधीच बॉडी फिरायची थांबते. तसं झालं तर उपसून एक दात बदला.

बसल्यावर कॅप वर धरून बघा. रोटरचं टोक ज्या घरासमोर आहे ती एक नंबरची वायर. तिथून रोटर फिरतो त्या दिशेने फायरिंग ऑर्डर लावत जा. रोटरची दिशा गृहीत धरू नका. बीटलमध्ये तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, बीएमसी या जुन्या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीज इंजिनात उलट. कॅप काढून इंजिन पान्याने थोडं फिरवा आणि डोळ्यांनी बघा, मग क्रँक पुन्हा खुणेवर आणा.

नवा डिस्ट्रिब्युटर इलेक्ट्रॉनिक असेल तर दोन गोष्टी वायर जोडायच्या आधी बघा. गाडीला पॉझिटिव्ह अर्थ आहे का, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं आहे का? बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांना असतो, आणि निगेटिव्ह अर्थचं मॉड्यूल उलट जोडलं की ते क्षणात जातं. दुसरं, कॉइलचा (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाचा) ओहममधला आकडा मॉड्यूलच्या कागदाशी जुळतो का. कॉइल चुकीची असेल तर मॉड्यूल पहिल्या दिवशी जाणार नाही, महिन्याभराने भर रस्त्यात जाईल.

पॉइंट आधी, टायमिंग नंतर

हा क्रम उलटा करता येत नाही. पॉइंटची गॅप वाढवली की ते लवकर उघडतात, टायमिंग पुढे जातं. गॅप कमी झाली की टायमिंग मागे. म्हणजे टायमिंग लावून झाल्यावर गॅपला हात लावलात तर सगळं पुन्हा.

पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्याच्या बरोबर माथ्यावर आणा आणि फिलर गेजने मोजा. बऱ्याच जुन्या चार सिलिंडर गाड्यांना ०.३५ ते ०.४० मि.मी. लागतं, तरी आकडा तुमच्या मॅन्युअलचाच घ्या. गेजचं पातं हलकं घासत सरकलं पाहिजे. ते तेलकट असेल तर आधी पुसा, कारण पॉइंटवर तेल राहिलं की ते जळतं. कॅमवर ग्रीसचा अगदी पातळ हात आणि रोटरच्या खालच्या फेल्टवर तेलाचे दोन थेंब. ड्वेल मीटर (पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते मोजणारा) असेल तर तोच वापरा. तो चारही उंचवट्यांची सरासरी सांगतो, गेज एकाचीच सांगतं. इलेक्ट्रॉनिकवाल्यांना हा भाग नाही.

बंद इंजिनावर टायमिंग

१२ व्होल्टचा साधा टेस्ट लॅम्प घ्या (गाडी ६ व्होल्टची असेल तर ६ चा). त्याचं एक टोक कॉइलच्या त्या टर्मिनलला लावा जिथून वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते, दुसरं अर्थला. बॅटरी जोडा, स्विच ऑन करा. पॉइंट मिटलेले असताना दिवा विझलेला राहतो, उघडले की लागतो.

क्लॅम्प इतकाच सैल करा की बॉडी हाताने फिरेल पण सोडली की जागेवर राहील. आधी बॉडी रोटरच्या फिरण्याच्या दिशेने वळवा, दिवा विझेपर्यंत. मग एका बोटाने रोटरला त्याच्या फिरण्याच्या उलट बाजूला हलका दाब देऊन ठेवा, म्हणजे गिअरमधला ढिलेपणा जातो, आणि बॉडी अगदी सावकाश रोटरच्या उलट दिशेने फिरवा. दिवा लागला, थांबा. क्लॅम्प आवळा. आवळताना बॉडी किंचित सरकते, म्हणून क्रँक मागे नेऊन पुन्हा पुढे आणा आणि दिवा नेमका खुणेवर लागतो का ते बघा. स्विच लगेच बंद करा. पॉइंट मिटलेले असताना स्विच चालू राहिला तर कॉइल तापते.

यातूनच पुढचा नियमही कळतो: बॉडी रोटरच्या उलट दिशेने फिरवली की अ‍ॅडव्हान्स, रोटरच्या दिशेने फिरवली की रिटार्ड.

दिव्याची एक मर्यादा मात्र ध्यानात असू द्या. चार सिलिंडरच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट क्रँकच्या प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला उघडतात, त्यामुळे तुम्ही चुकून धुराच्या स्ट्रोकच्या टीडीसीवर असाल तरी दिवा तितक्याच इमानाने लागतो. पॉइंट कधी उघडले हे तो सांगतो, ठिणगी कुठल्या सिलिंडरला चालली आहे हे सांगत नाही. ते फक्त रोटर सांगतो.

इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटरवर हा दिवा नेहमी चालेलच असं नाही. तिथे खूण जुळवून रोटर एक नंबरकडे ठेवा. चुंबकी पिकअपचा असेल तर चाकाचा दात पिकअपच्या टोकासमोर आणा. इंजिन सुरू व्हायला एवढं पुरतं, बाकी लाइटने.

चालू इंजिनावर टायमिंग

प्लग आणि वायर जागेवर लावा. इंजिन सुरू करून पूर्ण गरम होऊ द्या. जागा उघडी हवी, बंद गॅरेजमध्ये एक्झॉस्टचा धूर जीव घेतो. बाह्या दुमडा, गळ्यातलं काढून ठेवा. टायमिंग लाइटच्या प्रकाशात फिरणारा फॅन किंवा पुली थांबल्यासारखी दिसू शकते. ती थांबलेली नसते. लाइटच्या वायरी पट्ट्यापासून लांब ठेवा.

लाइटच्या दोन वायरी बॅटरीला, तिसरा चिमटा एक नंबरच्या प्लगच्या वायरवर. चिमट्यावर बाण असेल तर तो प्लगकडे. मॅन्युअलने सांगितलं असेल तर व्हॅक्यूमची नळी डिस्ट्रिब्युटरवरून काढा आणि तिचं तोंड बंद करा. उघडी सोडलेली नळी हवा ओढते, आयडल (रेस न देता इंजिन फिरतं तो वेग) बिघडतो आणि आकडा चुकतो. आता आयडल मॅन्युअलच्या आरपीएमवर आणा. तो जास्त असेल तर आतली वजनं उघडायला सुरुवात झालेली असते. अशा वेळी लाइटवर १२ दिसतील, मूळ टायमिंग ७ च असेल.

लाइट खुणेवर मारा, क्लॅम्प सैल करा, बॉडी बोटभर नाही, केसभर हलवा. खूण जागेवर आली की आवळा, पुन्हा बघा. टायमिंग पुढे गेलं की आयडल वाढतो, तो कार्ब्युरेटरच्या स्क्रूने खाली आणा आणि तिसऱ्यांदा बघा. हे दोन-तीन फेरे होणारच. बॉडी धरताना प्लगच्या वायरींना किंवा कॉइलच्या तोंडाला हात लावू नका. इलेक्ट्रॉनिक सिस्टिमचा झटका जुन्या पॉइंटवाल्यापेक्षा बराच जबर असतो.

आता डिस्ट्रिब्युटर तपासा. रेस हळूहळू वाढवा: खूण सरळ, न अडखळता पुढे सरकली पाहिजे आणि रेस सोडल्यावर आधीच्याच जागी परत आली पाहिजे. परत येत नसेल तर वजनं अडकताहेत, नव्यातही असं होतं. नंतर व्हॅक्यूमच्या डब्याला छोटी नळी लावून हातपंपाने ओढून बघा. खूण आणखी पुढे गेली पाहिजे. काहीच हललं नाही तर डबा फुटका आहे. शेवटी गाडीची नळी परत जोडा. लाइट काढून ठेवताना ती तशीच लोंबत राहणं ही नेहमीची गोष्ट आहे.

खूण एका जागी न थांबता नाचत असेल तर नवा डिस्ट्रिब्युटर बहुधा निर्दोष आहे, ढिली पडलेली टायमिंग चेन किंवा झिजलेलं गिअर बघा. जुन्या डिस्ट्रिब्युटरवर असं दिसलं तर आधी त्याच्या शाफ्टचं बुश तपासायचं. एक जुनी युक्तीही करून बघण्यासारखी आहे: लाइटचा चिमटा चार नंबरच्या वायरवर लावा. सरळ चार सिलिंडरमध्ये खूण तिथेच दिसायला हवी. दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक पडला तर कॅमचे उंचवटे सारखे नाहीत, आणि नवा डिस्ट्रिब्युटर दुकानात परत न्यायला तेवढं कारण पुरे.

सुरूच होत नसेल तर

सेल्फ मारताना कार्ब्युरेटरमधून फटका येतो आणि इंजिन अजिबात पकडत नाही: डिस्ट्रिब्युटर अर्धा फेरा चुकला आहे. एक नंबर पुन्हा कंप्रेशनवर आणा आणि रोटर बघा. तो एक नंबरच्या ऐवजी समोरच्या घराकडे बघत असेल तर उत्तर मिळालं. डिस्ट्रिब्युटर उपसून अर्धा फेरा फिरवा. खाचेचा असल्यामुळे तो एकाच प्रकारे बसत असेल, तर वायरी कॅपवर अर्ध्या फेऱ्याने सरकवा. इंजिन सुरू होतं पण थरथरतं आणि फटके मारतं: दोन वायरींची अदलाबदल झाली आहे, बहुतेकदा शेजारच्या दोन. इंजिन गरम असताना सेल्फ अडल्यासारखा जड फिरतो, मध्येच उलटा धक्का मारतो: टायमिंग फार पुढे आहे. सुरू होतं, पण रेस घेत नाही आणि एक्झॉस्टचा पाइप लवकर लालबुंद होतो: फार मागे आहे. ठिणगीच नाही: टायमिंग सोडा, पॉइंटची बारीक वायर कुठे बॉडीला टेकते का ते बघा.

रस्त्यावर

लाइटने लावलेलं टायमिंग ही सुरुवात आहे. मॅन्युअल लिहिलं गेलं तेव्हाचं पेट्रोल आज नाही, आणि इंजिनही तेव्हाइतकं नवं नाही. गाडी गरम करून चढावर वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने न्या आणि एक्सलरेटर दाबा. काचेच्या गोट्या डब्यात हलवल्यासारखा टिकटिक आवाज आला तर ते नॉकिंग. तो ऐकत गाडी चालवत राहू नका, पिस्टन आणि रिंगा त्यात जातात. बॉडी रोटरच्या दिशेने १ अंश, म्हणजे टायमिंग २ अंश मागे, आणि पुन्हा तोच चढ. उलट नॉकिंग अजिबात नाही, पण ओढही मेलेली आहे, तर २ अंश पुढे नेऊन बघा.

इथे माझं मत काहींना पटणार नाही: कंपनीच्या आकड्यापासून ४ अंशांपेक्षा जास्त दूर जावं लागत असेल तर टायमिंग फिरवणं थांबवा आणि कारण शोधा. सरकलेली खूण, अडकलेली वजनं, सिलिंडरमध्ये साठलेला कार्बन किंवा हवा जास्त असलेलं मिश्रण, यांपैकी काहीतरी असतं. टायमिंगने दुसऱ्याचा दोष झाकला की तो दोष वाढत राहतो.

समाधान झालं की बॉडी आणि ब्लॉकवर मिळून छिन्नीने एक बारीक रेघ मारा आणि शेवटचा आकडा, आरपीएम आणि पॉइंटची गॅप वहीत लिहून ठेवा. पॉइंट नवे असतील तर त्यांची टाच सुरुवातीला भरभर झिजते, गॅप कमी होते आणि टायमिंग हळूहळू मागे सरकतं. म्हणून साधारण ५०० कि.मी. नंतर कॅप उघडा, आधी गॅप, मग टायमिंग, याच क्रमाने पुन्हा तपासा, आणि क्लॅम्पचा बोल्ट एकदा आवळून बघा.